धुरपदाअक्कांचा लकवा

धुरपदाअक्कांना लकवा मारला तो गुरुवारी. पण तो मारणार आहे, हे त्यांना सोमवारीच कळलं होतं.

कळवणारा त्यांचा पुतण्या हितेंद्र. अक्कांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. धाकट्या दिराचा हा मुलगा त्यांनीच लहानाचा मोठा केला, त्याचं लग्न लावून दिलं, आणि आता जामनेरच्या त्या घराचा सगळा कारभार त्याच्याच हातात होता. सोमवारी सकाळी तो मागच्या अंगणात आला तेव्हा अक्का शिडीवर चढून शेवग्याच्या शेंगा काढत होत्या.

"मोठी माय, खाली उतर. बोलायचं आहे."

"वरूनबी ऐकू येते मले. बोल."

"असलं वर चढून बोलायचं नाही ते. उतर आधी."

अक्का उतरल्या. शेंगांची जुडी ओट्यावर ठेवून पदरानं हात पुसत बसल्या. हितेंद्रनं आवाज बारीक केला आणि सांगितलं की नानांच्या सुटकेसाठी राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज गेला आहे.

नाना म्हणजे अक्कांचे यजमान, तोतारामनाना. दोन वेळा आमदार झालेले. गावोगावच्या मुलींनी तालुक्याला राहून कॉलेज शिकावं म्हणून केंद्राच्या एका योजनेतून वसतिगृहं बांधायची होती. ती आणली नानांनी, हे खरं. कुदळ मारली, नारळ फोडले, फोटो छापून आले. बिलंही निघाली. उभे राहिले ते फक्त एका वसतिगृहाचे खांब, तेही बिनछताचे. पैसा केंद्राचा, म्हणून तपासही केंद्राच्या माणसांनी केला. धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ठेकेदाराला, दोन इंजिनिअरांना आणि नानांना शिक्षा सुनावली. हायकोर्टात अपील केलं, ते फेटाळलं गेलं. तेव्हापासून नाना धुळ्याच्या तुरुंगात होते आणि शिक्षा अजून बरीच बाकी होती.

खटला चालू असताना अक्कांनी त्यांना एकदाच विचारलं होतं, "खरं आहे का हे?" नाना म्हणाले होते, "राजकारणात सगळं असंच असतं." अक्कांना उत्तर मिळालं होतं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

"पक्षाच्या वरच्या साहेबांनी शब्द दिला आहे," हितेंद्र सांगत होता. "राष्ट्रपतींची माफी मिळाली ना, मोठी माय, की नुसती सुटका नाही. डागच पुसला जातो. नाना पुन्हा उभे राहू शकतात. मी जिल्हा परिषदेला उभा राहणार आहे, त्या निवडणुकीआधी जर ते आले, तर स्टँडपासून घरापर्यंत अशी मिरवणूक काढू की बस!"

"मंग काढा. माह्याशी काय बोलायचं त्यात?"

"अर्जाला कारण लागतं. नुसतं सोडा म्हटलं म्हणून कोणी सोडत नाही. अर्जात आपण लिहिलंय की घरी बायको अंथरुणाला खिळली आहे. उजव्या अंगाला लकवा, वाचा गेलेली, पोटी मूल नाही, बघणारं कोणी नाही."

अक्कांना आधी हसू आलं. मग हितेंद्र हसत नाही हे त्यांनी पाहिलं.

"मी अंथरुणाला खिळली आहे?"

"गुरुवारपासून. डॉक्टरचा दाखला झालाय. तहसीलमधून कोणीतरी बघायला येईल, तेवढं झालं की वर अहवाल जाईल."

"त्यायले माहीत आहे हे?"

"नानांचाच निरोप आहे," हितेंद्र म्हणाला. "त्यांनी सही केली अर्जावर. म्हणाले, धुरपदाला सांग, थोडे दिवस माझ्यासाठी पडून राहा."

एवढ्यावर अक्कांचा विरोध संपला. नानांनी तुरुंगातून आजवर काही मागितलं नव्हतं. मागच्या भेटीत ते वाळलेले दिसले होते, सदऱ्याच्या गळ्यात दोन बोटं सहज जातील इतके. अक्कांनी शेंगांची जुडी उचलली आणि म्हणाल्या, "उजवं अंग म्हनला ना? बरं."

गुरुवारी पुढच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. हितेंद्रची बायको दिपमाला शेजारी स्टूल घेऊन बसली. गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही.

पडून राहणं सोपं असेल असं अक्कांना वाटलं होतं. जन्मभर उभ्याउभ्या राबलेली बाई, आराम मिळेल. पण डोळ्यांवर माशी बसली की उजवा हात आपोआप उठायचा आणि दिपमाला घाईघाईनं तो दाबून धरायची. त्याहून वाईट म्हणजे न बोलणं. आलेली बाई म्हणायची, "भाजीत मीठ जास्त पडलं आज," आणि बटाटा चिरून टाक हे शब्द अक्कांच्या ओठांवर येऊन परत जायचे. दुपारी दार लावून घेतलं की त्या खोलीतल्या खोलीत येरझारा घालायच्या आणि दिपमालाशी इतकं बोलायच्या की तिला हुंकार द्यायलाही फुरसत मिळायची नाही.

नानांचा आठवड्याचा फोन तुरुंगातून हितेंद्रच्या मोबाइलवर यायचा. पहिल्या वेळी अक्का पलंगावरून उठून पुढं झाल्या, तर त्यानं हातानंच थांबवलं आणि फोन घेऊन बाहेर गेला. परत येऊन म्हणाला, "तिकडचे फोन ऐकतात, मोठी माय. वाचा गेलेली बाई बोलली तर सगळंच फिसकटेल."

"काय म्हणे ते?"

"म्हणाले, सांभाळून राहा."

अक्कांना ते पटलं. पण बाहेरून नानांचा आवाज ऐकू आला होता, शब्द नाही, नुसता आवाज. तो सांभाळून राहा म्हणणाऱ्या माणसाचा वाटला नव्हता. चिरका, घाबरा वाटला होता. फोनमध्ये आवाज बदलतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सगळ्यात कठीण गेल्या त्या लाडकुंवरबाई.

लाडकुंवरबाई समोरच्या कापडदुकानाचे मालक रिखबचंद यांच्या पत्नी. त्या लग्न होऊन राजस्थानातून या गल्लीत आल्या त्याच वर्षी अक्काही नवरी होऊन आल्या होत्या. लाडकुंवरबाईंना तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवालीशी कसं बोलायचं, गल्लीतल्या कोणाला काय म्हणायचं, हे सगळं अक्कांनी त्यांना शिकवलं. आता सत्तरीच्या त्या बाई रोज दुपारी हातात नवकार मंत्राची माळ घेऊन पलंगाशी येऊन बसायच्या.

"तुम्ही मला बोलायला शिकवलंत," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आणि आता तुमचीच जीभ गेली हो, धुरपदाबाई." आणि अक्कांचा निर्जीव ठेवलेला उजवा हात दोन्ही हातांत घेऊन त्या रडल्या.

अक्कांनी डोळे मिटून घेतले. दुसरं काही करता येत नव्हतं.

काही दिवसांनी दिपमालानं सांगितलं, "लाडकुंवरबाईंनी आयंबिलं धरली आहेत तुमच्यासाठी. तुम्ही उठून उभ्या राहीपर्यंत सोडणार नाहीत म्हणे."

"म्हणजे काय करतात त्यात?"

"दिवसातून एकदाच जेवायचं. तेही नुसतं उकडलेलं धान्य. तेल-तूप, मीठ-मिरची, दूध-गूळ काहीसुद्धा चालत नाही."

अक्का पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. त्या दिवशी दिपमालानं त्यांच्या ताटात शेवभाजी वाढली होती. ती त्यांना गेली नाही.

"हितेंद्रले सांग," त्या म्हणाल्या, "तहसीलच्या मानसाले लवकर बोलाव म्हणा. मले आता हे व्हत नही."

दिपमाला खाली मान घालून म्हणाली, "मलाही होत नाही, मोठ्या आई." पण हितेंद्रला तसं सांगायची छाती तिलाही नव्हती.

तहसीलची माणसं आली ती भर दुपारी, लाडकुंवरबाई पलंगाशी बसलेल्या असताना. नायब तहसीलदार म्हणून एक तरुण बाई होत्या, भूमिका नावाच्या, आणि बरोबर तलाठी. हितेंद्रनं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. भूमिका मॅडमनी चहा नको म्हटलं. खुर्चीही सोडून त्या पलंगाशी खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अक्का, मी बोलते ते कळत असेल तर डोळे मिटा."

अक्कांनी डोळे मिटले.

"त्रास देत नाही तुम्हाला. माझी आईही शेवटी अशीच होती." मॅडमनी अक्कांच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि उठून तलाठ्याला पंचनामा सांगू लागल्या. अर्जदाराची पत्नी अंथरुणावर आढळली. उजवा हात व पाय निश्चल. बोलता येत नाही. एकेक वाक्य अक्कांच्या कानांवर पडत होतं. दरडावून बोलणारा अधिकारी असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"शेजारचं कोणी पंच म्हणून सही करेल का?" मॅडमनी विचारलं.

"या आहेत ना," हितेंद्र चटकन म्हणाला. "रोज येतात. सगळं डोळ्यांनी पाहिलंय त्यांनी."

लाडकुंवरबाईंनी चष्मा लावला. "हा कागद कुठं जाणार, बाई?"

"आधी जळगावला कलेक्टर ऑफिसात. मग मुंबई, दिल्ली. शेवटी राष्ट्रपतींपर्यंत."

"मग वाचूनच करते." त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, "वरील मजकूर मी समक्ष पाहिला असून तो खरा आहे." मग चष्म्यावरून मॅडमकडं बघत म्हणाल्या, "आजवर मी न बघितलेल्या गोष्टीवर कधी सही केली नाही. दुकानाच्या कागदावरसुद्धा नाही. पण हे तर रोज बघते आहे." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा."

आवाज पलंगावरून आला होता. बरेच दिवस नीट न वापरलेला, खरखरीत.

अक्कांनी उजवा हात टेकला, उजवा पाय खाली सोडला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "ती सही करू नका, लाडकुंवरबाई."

मग लाडकुंवरबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की अक्कांना तो पुढं कधी विसरता आला नाही. "उठल्या! बोलल्या! अगं दिपमाला, बघ, नवकारानं ऐकलं माझं!" त्यांनी अक्कांना मिठीच मारली.

अक्कांना वाटलं, इथं गप्प बसावं. एवढं एकच खोटं राहू द्यावं. पण त्या खांद्यावर डोकं ठेवून रडणाऱ्या बाईचं अंग उपासानं काटकुळं झालेलं हातांना लागत होतं.

"नही हो बाई," त्या म्हणाल्या. "मले काही झालंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून नही."

लाडकुंवरबाई मागं सरल्या. त्यांनी खाली वाकून पेन उचललं, टोपण लावलं, ते तलाठ्याच्या हातात दिलं आणि निघून गेल्या.

हितेंद्र पुढं झाला. "मॅडम, औषधांनी तिला भ्रम होतो मधून मधून. डॉक्टर म्हणालेच होते..."

"हितेंद्रभाऊ, तुम्ही बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हितेंद्र बाहेर गेला.

अक्कांनी सगळं सांगितलं, शेवग्याच्या शिडीपासून. तलाठ्यानं लिहून घेतलं. आधीचा कागद मॅडमनी आडवी रेघ मारून रद्द केला.

"आता त्यायची शिक्षा वाढन का?" अक्कांनी विचारलं.

"नाही. शिक्षा कोर्टानं दिली तेवढीच. ती मी वाढवू शकत नाही आणि कमी पण करू शकत नाही." मॅडमनी तलाठ्याकडून जबाबाचा कागद घेतला. "अक्का, दयेचा अर्ज करायचा हक्क सगळ्यांना आहे. आमदाराला आहे, पाकीटमाराला पण आहे. त्यात गैर काही नाही. पण दया करणाऱ्याच्या हातात आपण खरं द्यायला पाहिजे. माझं काम तेवढंच, की खाली काय आहे ते वर जसंच्या तसं पोचवणं. डॉक्टरांच्या दाखल्याचंही मला कळवावं लागेल."

"आणि माह्यावर खटला?"

"तुमचा जबाब मी आत्ता घेतला. त्यात तुम्ही खरं बोललात." मॅडमनी बॅग उचलली. दारात त्या वळल्या. "आईची आठवण आली म्हणून मी नीट तपासलंच नाही. चूक माझीही होती. तुम्ही वाचवलंत मला."

माणसं गेल्यावर हितेंद्र आत आला. तो ओरडेल असं अक्कांना वाटलं होतं, पण तो ओरडला नाही. "तू नानांना आत ठेवलंस, मोठी माय," एवढंच म्हणाला. दिपमालाला घेऊन तो त्याच दिवशी जळगावच्या फ्लॅटवर राहायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गल्ली ओलांडून समोर गेल्या. उन्हात उभी असलेली सगळी गल्ली लकवा झालेली बाई तुरुतुरु चालताना बघत राहिली. लाडकुंवरबाई स्वयंपाकघरात होत्या. बस म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत.

"तुमचे उपास मी वाया घालवले," अक्का म्हणाल्या.

"उपास वाया जात नसतात." लाडकुंवरबाईंनी फोडणीत मोहरी टाकली. ती तडतडून शांत झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही झालं नव्हतं हे कळलं ना, तेव्हा आधी मला बरं वाटलं. राग मग आला, घरी आल्यावर. तो अजून आहे."

"असू द्या."

"असणारच आहे. बसा. दोन घास खाऊन जा."

अक्का बसल्या. त्या घासांनी त्यांचं अर्धं ओझं उतरलं. उरलेलं अर्धं धुळ्याला होतं.

तू नानांना आत ठेवलंस. हे वाक्य घेऊनच त्या एसटीत चढल्या. जळगावला गाडी बदलली. एरंडोल गेलं, पारोळा गेला, दोन्ही बाजूंनी कपाशीची शेतं मागं पडत होती आणि अक्का मनात शब्द जुळवत होत्या. तुम्ही एवढंच मागितलं आणि मी तेही केलं नाही. पुढं काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. माणूस तोंड फिरवून आत निघून गेला तर? पुन्हा भेटायलाच आला नाही तर?

धुळ्याच्या स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "माय, कथा जानं शे?"

एरवी त्या 'कोर्टाजवळ' म्हणायच्या आणि तिथून पुढं चालत जायच्या. आज म्हणाल्या, "जेलात."

"चला. बठ्ठासनं काही ना काही काम ऱ्हास तठे," सगळ्यांचंच तिथं काही ना काही काम असतं अशा सुरात रिक्षावाला म्हणाला आणि त्यानं मीटरकडं न बघताच गाडी हाकली.

मुलाखतीच्या खोलीत जाळीच्या अलीकडं बरीच माणसं होती. आपापल्या माणसाशी मोठमोठ्यानं बोलत होती. नाना पलीकडच्या दारातून आले. खाली बघतच आले, हितेंद्र आला असेल अशा समजुतीनं. अक्कांसमोर येऊन त्यांनी मान वर केली आणि दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली.

"धुरपदा?"

चारचौघांत त्यांनी कधी अक्कांना नावानं हाक मारली नव्हती.

"तू... तुले कोनी आनलं इठी?"

"कोनी कशाले? एसटीनं आली."

"एकटी?"

"एकटीच. दुसरं कोण येणार?"

नाना त्यांच्याकडं बघतच राहिले. डोळे अक्कांच्या तोंडावरून उजव्या हातावर, हातावरून पायांवर जात होते. "बोलते तू," ते म्हणाले. मग कसंबसं, "चालून दाखव."

"काय?"

"चालून दाखव म्हणतो ना! तिकडल्या भिंतीलोक जा अन् ये."

अक्कांना काही कळेना. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की त्या वळल्या, माणसांतून वाट काढत भिंतीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. आल्या तेव्हा दोन वेळचा आमदार जाळीला कपाळ टेकवून हुंदके देत होता. शेजारी बोलणारी माणसं गप्प झाली होती.

"तो म्हने तुही जीभ गेली," नाना म्हणत होते. "म्हने, उजवं अंग गेलं. ओळखतबी नही कोणाले. मी फोनवर म्हणे, तिच्या कानाले लाव, मी बोलतो, तिनं ऐकलं तरी पुरे. तर म्हने, नको, तुमचा आवाज ऐकून जास्त होईल तिला."

अक्का जाळीशी आणखी पुढं झाल्या. "मले म्हणला, तुमचाच निरोप आहे. तुम्हीच सांगितलं पडून राहायले."

"मी?"

दोघं जाळीतून एकमेकांकडं बघत उभे राहिले. एकाला एक सांगून आणि दुसऱ्याला दुसरं सांगून त्यांच्याच हातानं वाढलेल्या पोरानं दोघांनाही बोटावर नाचवलं होतं.

"आधीबी आणला होता त्यानं अर्ज," नाना डोळे पुसत म्हणाले. "मी सही केली नही. म्हटलं, भीक नही मागायची. मग हे सांगितलं त्यानं तुहं. मी वाचलंबी नही, कुठं सही करू तेवढं विचारलं. रोज रात्री वाटे, मी इठी असताना तू जाशीन. तुह्या तोंडात पाणी घालायले मी नसन."

"मी शेवग्यावर चढली होती हो," अक्का म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडू आणि हसू बरोबरच फुटलं. नानाही हसले. तुरुंगात आल्यापासून त्यांचे दात अक्कांना पहिल्यांदा दिसले.

मग अक्कांनी पंचनाम्याची हकीगत सांगितली. सांगताना त्या त्यांच्या चेहऱ्याकडं बघत नव्हत्या. "मीच उठून उभी राहिली. आता माफी येणार नही. हितेंद्र म्हणतो, मी तुम्हाला आत ठेवलं."

नानांनी मागं वळून बराकीकडच्या दाराकडं बघितलं.

"आमच्या बराकीत एक उखर्डू आहे," ते म्हणाले. "तिकडं साक्रीकडचा. त्याची माय खरंच अशी पडलेली होती. दोन-चार दिवसांची रजा मागत होता. त्याचा कागद कुठल्या टेबलावर अडकला कोणाले माहीत. माय गेली, तिचं सगळं उरकलं, मग मंजुरी आली. अन् माहा कागद पाहा, महिन्यात दिल्लीले पोचला. त्या पोरानं मले विचारलं, नाना, तुमचा कसा काय गेला? काय सांगू त्याले?" त्यांनी नाक पुसलं. "तुही खबर ऐकून तोच माह्याजवळ बसून राहायचा."

"मंग तुम्ही रागावले नही?"

"मी सुटलो असतो ना, धुरपदा, तर स्टँडवर हार घातले असते लोकांनी. अन् मी घालून घेतले असते. भाषण केलं असतं, सत्याचा विजय झाला म्हणून." नाना ओशाळं हसले. "माहा स्वभाव मले माहीत आहे. तू उठली ते बरं केलं. त्या खांबांचं जे देणं आहे ते इठंच फेडू दे मले."

पहिल्यांदाच त्यांनी खांबांचं नाव काढलं होतं. अक्कांनी पुढं काही विचारलं नाही. जाळीच्या भोकातून त्यांनी दोन बोटं आत घातली आणि नानांनी ती धरली.

"माय, टाइम व्हयी ग्या," शिपाई म्हणाला, पण तो लगेच पुढं आला नाही. आणखी थोडा वेळ त्यानं दुसरीकडं बघितलं.

त्याच आठवड्यात नानांनी तुरुंगाच्या अधीक्षकांमार्फत आपला अर्ज मागं घेतला. कारणाच्या जागी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, पत्नीची प्रकृती उत्तम आहे.

पुढं जे व्हायचं ते झालं. दाखला देणाऱ्या डॉक्टरची चौकशी लागली. हितेंद्रला जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं नाही आणि वरच्या साहेबांनी त्याचे फोन घेणं बंद केलं. दिपमाला मात्र महिन्याभरात एकटीच जामनेरला येऊन गेली आणि मग येतच राहिली. हितेंद्र आला तो पुढच्या दिवाळीला. दारात उभा राहिला. अक्कांनी त्याला आत घेतलं, जेवू घातलं, आणि जेवण झाल्यावर त्याला जे सुनवायचं ते सुनवलं. त्यानं ते ऐकून घेतलं.

नाना सुटले ते सगळ्या कैद्यांना मिळते तेवढीच सूट मिळून, एका साध्या मंगळवारी. फाटकाशी अक्काच होत्या. नानांच्या हातात कापडी पिशवी. रिक्षानं दोघं स्टँडवर आले आणि जळगावच्या गाडीत बसले. नानांना खिडकी दिली.

कंडक्टर आला. त्यानं नानांकडं दोनदा बघितलं. "तोतारामनाना ना तुम्ही? तुमच्याकडं आमदारकीचा पास असेल की."

नानांचा हात सवयीनं सदऱ्याच्या वरच्या खिशाकडं गेला आणि तिथून खाली आला. "नको. शिक्षा पुरी करून आलो. दोन तिकिटं दे, अर्धी, जळगाव."

कंडक्टरनं तिकिटं दिली आणि तो पुढं गेला. गाडी हायवेला लागली. पारोळा यायच्या आत अक्का नानांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपल्या होत्या, आणि एरंडोलला गाडी थांबली तेव्हा चहाला उतरायची इच्छा असूनही नाना हलले नाहीत.